ज्याचं मूल बोटीत

मावशीचं एक मूल पाण्यात गेलं होतं आणि म्हणून ती लोकांच्या पोरांना एवढं जपायची, असं जे सगळे सांगतात, ते साफ खोटं आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तिच्या शोकसभेत मला ते सांगता आलं नाही.

शोकसभा आमच्या धक्क्यावरच्या कचेरीत झाली. प्लास्टिकच्या पंचवीस खुर्च्या, टेबलावर तिचा फोटो आणि मागे भिंतीवर तलावाचा जुना नकाशा. साहेब बोलायला उभे राहिले. साहेबांना इथं येऊन जेमतेम सहा महिने झालेले. मावशीला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण बोलले असे, की जणू तिच्या मांडीवर वाढले. "ज्या माउलीनं स्वतःचं लेकरू या पाण्यात गमावलं, तिनं पुढं हजारो लेकरांना सुखरूप परत आणलं," वगैरे वगैरे. बायका डोळे पुसायला लागल्या. आणि मावशीची एकुलती एक लेक तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन जिवंत बसलेली होती. माझं डोकंच फिरलं. मी उठून बोलणार, एवढ्यात तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. राहू दे काका, अशी. मी तडक बाहेर येऊन उभा राहिलो.

या तलावावर मी एकतीस वर्षं बोट चालवतोय. बत्तीस माणसांची मोटारबोट, वर कापडी छत. धक्क्यावरून निघायचं, मधल्या बेटाला वळसा घालायचा, धरणाची भिंत लांबूनच दाखवून परत फिरायचं. पाऊण तासाची फेरी. गिऱ्हाईक म्हणजे शाळांच्या सहली आणि सुट्टीच्या दिवशी बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं. बोट सांभाळायचं काम माझं आणि पोरं सांभाळायचं काम मावशीचं. कचेरीच्या कागदावर तिचं पद 'मदतनीस' असं होतं. ती कुणाला मदत करायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण खरं तर बोट तीच चालवायची; मी नुसतं चाक फिरवायचो. माझा आवाज मोठा म्हणून ती मला भोंग्या म्हणायची. ती माझ्यापेक्षा सहाएक वर्षांनी मोठी, पण पहिल्या दिवसापासून मावशीच.

आमच्या जॅकेटांना पूर्वी बकलं होती. पोरांनी ती दोन वर्षांत आपटून, चावून मोडून टाकली, आणि नवी मागवण्याचे अर्ज करून कचेरी दमली. शेवटी शिंप्याकडून कापडी बंद शिवून घेतले. एका जॅकेटाला तीन बंद: एक छातीशी, एक पोटाशी आणि एक पायांमधून पुढं घेऊन बांधायचा. म्हणजे तीस पोरं असली की नव्वद गाठी. त्या सगळ्या मावशी एकटी बांधायची. मास्तर, आया, कुणालाही हात लावू द्यायची नाही. एखाद्या बापानं हौसेनं स्वतःच्या पोराची गाठ मारलीच, तर त्याच्यादेखत सोडून परत मारायची. जो माणूस आत्तापर्यंत घरी जसा काही जगातला सगळ्यात हुशार बाप होता, त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

गाठ मारून झाली की दोन हिसके. मग जॅकेट दोन्ही खांद्यांशी धरून पोराला जरा वर उचलायचं. हनुवटी आत गेली तर जॅकेट मोठं. काढायचं, दुसरं घालायचं. आणि हे सगळं झालं की ती पोराच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "नाव सांग. मोठ्यांदा." पोर लाजून पुटपुटलं तर त्याला रांगेतून पुढं सोडायची नाही. मला सुरुवातीला वाटायचं, ही नावं पाठ करते. एकदा विचारलं. तर म्हणाली, "नावं घेऊन काय करू? आवाज ऐकून ठेवते. पाण्यात पडलेल्याचं तोंड दिसत नाही, आवाज येतो. आणि पाण्यात सगळी पोरं 'आई' म्हणूनच ओरडतात. ती आई कुणाची, ते कळायला नको?"

पोरं नुसती सुखरूप आणायची नाहीत, हसत आणायची, असा तिचा हट्ट असायचा. रांगेतलं सगळ्यात वांड पोरगं हेरून ती त्याला पहिल्याच मिनिटाला नोकरीला लावायची. त्याच्या हातात एका दोराचं टोक द्यायची आणि कानात सांगायची, "हा सोडलास तर बोट थांबेल. कुणाला सांगू नकोस." दोराचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नसायचं. पण ते पोरगं पाऊण तास दोर धरून असं बसायचं, की त्याच्या मास्तरांना ओळखू येऊ नये. घाबरलेल्या पोराला ती कधीही 'घाबरू नकोस' म्हणाली नाही. म्हणायची, तसं म्हटलं की पोराला कळतं, इथं घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा ती आपला अंगठा त्याच्या मुठीत द्यायची. "थोडी भीती वाटली तर थोडा दाब, जास्त वाटली तर जास्त दाब." सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत तो अंगठा लालबुंद झालेला असायचा.

बोटीत ती नेहमी गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यात मागं उभी राहायची, पोरांच्या पाठीशी. पुढं उभं राहिलं की पोरं आपल्याकडे बघतात आणि मागं उभं राहिलं की आपण पोरांकडे बघतो, असा तिचा हिशेब.

धक्क्याच्या पायरीशी नियमांची पाटी आहे. वरचे पाच नियम कचेरीचे, छापील. सहावा खाली हातानं रंगवलेला, जरा वाकडा: 'ज्याचं मूल बोटीत, त्याची त्या फेरीला ड्यूटी नाही.' पर्यटक तो वाचतात, बुचकळ्यात पडतात आणि पुढं जातात. तो नियम मावशीचा. कसा झाला ते सांगतो, कारण सगळं तिथूनच आहे.

मावशीचा नवरा लांब कुठंतरी रस्त्यांच्या कामावर असायचा. वर्षातून दोनदा यायचा, आणि एका वर्षी आलाच नाही. घरी दुसरं कुणी नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मावशी लेकीला सोबत आणायची आणि ती दिवसभर आमच्याबरोबर फेऱ्या मारायची. सहा वर्षांची होती. सगळ्यात पुढच्या बाकड्यावर तिची जागा ठरलेली. शहरातल्या मोठ्या शाळेची पोरं आली तरी ही त्यांना बोटानं बेट दाखवायची, कुठं पक्षी असतात ते सांगायची, कुणी उभं राहिलं तर दटावून खाली बसवायची. आम्ही तिला मालकीणबाई म्हणायचो. तिलाही ते पटलेलं होतं.

एका रविवारी शाळेची सहल होती. बेटाच्या पलीकडे गेलो आणि वारा सुटला. एक आडवी लाट आली, बोट डावीकडे कलली. फार नाही, मी तोपर्यंत त्याहून वाईट दहादा पाहिलं होतं. पण एका बाकड्यावरची पोरं घसरून एकमेकांवर आदळली आणि कठड्याशी बसलेला आठेक वर्षांचा पोरगा पाण्यात गेला. मी इंजिन बंद केलं. पाण्यातून हाक आली, "आई!"

मी मागं बघितलं. बोट कलल्याबरोबर मावशी मागची जागा सोडून पुढं धावली होती. तो पोरगा तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात होता. वाकून हात लांब केला असता तर जॅकेट हाताला लागलं असतं. पण मावशीनं दोन्ही हातांनी मालकीणबाईला छातीशी धरलं होतं. ती हाक ऐकून तिनं मिठी सोडली नाही, आणखी घट्ट केली. ती हाक आपल्याच पोरीची वाटली तिला. पोर मिठीत असताना.

मी आकडीची काठी घेऊन गेलो, पोराला जॅकेटला धरून ओढला आणि वर घेतला. तीन गाठी जशाच्या तशा होत्या. पोरगं खोकलं, पाणी थुंकलं आणि दोन मिनिटांत मित्रांना पाणी किती गार आहे ते सांगायला लागलं. मास्तरांनी धक्क्यावर उतरल्यावर मावशीचे हात धरून आभार मानले. तुमच्या गाठींमुळे पोर वाचलं म्हणाले. तक्रार कुणीही केली नाही. मावशीनं हात सोडवून घेतले. तिनं लेकीच्या अंगातलं जॅकेट सोडलं, खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "आजपासून तू बाकावर बसायचंस."

संध्याकाळी जॅकेटं वाळत घालताना ती मला म्हणाली, "हात दोन होते रे. दोन्ही तिच्याकडे गेले. एक तरी जायला नको होता का तिकडे?"

मी म्हटलं, "मावशी, आईचे हात आहेत. जाणारच."

"मग तिथं आईला उभं करू नये," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं रंगाचा डबा आणून पाटीवर सहावा नियम लिहिला. साहेब कोण होते तेव्हा आठवत नाही, पण त्यांनी तो पुसायला लावला नाही.

आता नियम म्हणजे नियम. लेक बोटीत तर मावशीची ड्यूटी नाही, आणि लेकीला शाळेला सुट्टी तेव्हाच आमच्याकडे झुंबड. सुट्टीच्या दिवशी रजा मागितली तर कचेरी अशी बघायची जशी काही जमीनच नावावर मागितली. वर्षाच्या ज्या चार रजा मिळायच्या त्या तापात आणि शाळेच्या मीटिंगांत जायच्या. पहिली दोन वर्षं मावशी लेकीला म्हणायची, "एक दिवस रजा टाकते. आपण दोघी तिकीट काढून बसू, पाहुण्यांसारख्या." मी स्वतः ऐकलंय. मग हळूहळू ते बोलणं बंद झालं. लेकीनंही विचारणं सोडलं.

धक्क्याला लागून झाडाखाली एक लोखंडी बाक आहे. मालकीणबाई त्या बाकावर बसायची. सकाळी नवाला आईबरोबर यायची, संध्याकाळी सहाला आईबरोबर जायची. आधी पाय जमिनीला टेकायचे नाहीत, मग टेकायला लागले. अभ्यास करायची, डबा खायची. तिला टेकायला म्हणून मी एक फाटकं जॅकेट दिलं होतं. ते ती बाकाच्या हाताला घालायची, तिन्ही बंद बांधायची, दोन हिसके द्यायची आणि त्या लोखंडाला म्हणायची, "नाव सांग. मोठ्यांदा." आम्ही हसायचो. तिकिटवाला तर एकदा बाकामागं लपून खरंच नाव ओरडला होता. तेव्हा ती हसली होती, तेवढी आठवते. एरवी ती काही मागायची नाही, रडायची नाही, कुणाला त्रास द्यायची नाही. शहाणी पोर, असं आम्ही म्हणायचो. आज त्या शब्दाची मला लाज वाटते.

कारण मला माहीत होतं. त्या रविवारी संध्याकाळी मावशी काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. मी त्या पोरीला जाता-येता शेंगदाण्याची पुडी द्यायचो, डोक्यावर टपली मारायचो, पण दोन वाक्यं सांगायला माझी जीभ उचलली नाही. माय-लेकींचा मामला, आपण कशाला मध्ये पडा, असं मी स्वतःला सांगायचो. नऊ वर्षं सांगत राहिलो.

पंधराव्या वर्षी ती यायची बंद झाली. पुढं शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, लग्न केलं, तिला मुलगी झाली. घरी यायची, पण पाहुणीसारखी. धक्क्यावर कधीच आली नाही. महिन्यातून एकदा फोन करायची, पाच मिनिटं. तब्येत, हवा, पोरीचा दात पडला. मावशी फोन ठेवून लगेच पुढच्या फेरीच्या गाठी मारायला उठायची. आणि बघणारे लोक, ही बाई दुसऱ्यांच्या पोरांना एवढं डोळ्यांत तेल घालून जपते म्हणजे हिचं स्वतःचं काहीतरी झालेलं असणार, असं ठरवून मोकळे व्हायचे. कुणीतरी एकदा तिला विचारलंही, मुलगा होता का मुलगी. मावशी म्हणाली, "मुलगी." पुढं काही बोलली नाही. झालं, गोष्ट पक्की झाली.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा तिची बोटं आखडायला लागली. सकाळी चहाच्या पेल्याभोवती दोन्ही तळवे धरून बसायची. त्याशिवाय मूठ वळायची नाही. मला ते एका फेरीत कळलं. एका पोरीची छातीची गाठ बेटापर्यंत जाईतो सैल होऊन लोंबत होती. तिकिटवाला त्या फेरीला बोटीत होता, मी त्याच्याकडून ती बांधून घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवर उभा राहून पोरगं बोटीत चढताना प्रत्येक गाठ हातानं चाचपायला लागलो. मावशीनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या मागून गाठी तपासतोस, भोंग्या?"

"नवा नियम आलाय," मी थाप मारली. "दोनदा बघायच्या."

ती पाटीकडे बघून म्हणाली, "चांगला नियम आहे. आधीच यायला पाहिजे होता." तिला सगळं कळलं होतं.

शेवटचा महिना सुरू झाला तेव्हा तिनं लेकीला फोन केला. मी शेजारीच इंजिनाचं तेल बदलत होतो. "एकदा ये," मावशी म्हणत होती. "पोरीला घेऊन ये. मी रजा टाकते. आपण तिकीट काढून बसू. अगं, नंतर काय, नंतर मी इथं कोण? आत्ता ये." लेकीनं दोनदा तारीख पुढं ढकलली. पहिल्यांदा ऑफिसचं काम, दुसऱ्यांदा पोरीची परीक्षा. मावशी दोन्ही वेळा रजेचा अर्ज देऊन परत घेऊन आली. मला म्हणाली, "हात आहेत तोवर यायला पाहिजे रे. मला एकदा तिचं जॅकेट बांधायचंय." एवढंच तिला हवं होतं. त्या बाईनं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आठ दिवस उरले असताना, एका रविवारी, ती आली. चौतिशीची बाई, चष्मा, खांद्याला पर्स, हाताला धरलेली सहा वर्षांची मुलगी. मावशी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आली होती, गळ्यात शिट्टी मात्र होतीच, आणि तिनं खरंच तिकिटांच्या खिडकीशी उभं राहून तीन तिकिटं काढली. मागं उभं राहायचं काम तिकिटवाल्यानं घेतलं.

मावशी नातीसमोर गुडघ्यावर बसली. जॅकेट घातलं. छातीचा बंद हातात घेतला. तो निसटला. परत घेतला, परत निसटला. नात म्हणाली, "आजी, तुला येत नाही का?" मावशी हसली, पण बोटं वळेनात. मी पायरीवरून बघत होतो. मी पुढं झालो नाही.

"दे आई, मी बांधते," लेक म्हणाली आणि खाली बसली. छाती, पोट, पायांमधला. तीन गाठी. दोन-दोन हिसके. खांद्याशी धरून पोरीला वर उचललं, हनुवटी बघितली. मग तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाव सांग. मोठ्यांदा."

मावशी बघतच राहिली. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बघून."

पोरगी दोर बघायला माझ्याकडे पळाली. लेक तशीच गुडघ्यावर बसून होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आई, त्या दिवशी मी काय केलं होतं?"

"कुठल्या दिवशी?" मावशी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

"तो मुलगा पडला त्या दिवशी. मी ढकललं होतं का त्याला? मला आठवत नाही. खूप वर्षं आठवून बघते. माझा धक्का लागला असणार, नाहीतर तू मला खाली का उतरवलं असतंस? तू ओरडली नाहीस, मारलं नाहीस, म्हणजे फार मोठं काहीतरी केलं असणार मी."

मावशी तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, "तू काही केलं नव्हतंस गं. मी केलं. तो बुडत होता आणि माझे दोन्ही हात तुझ्याकडे गेले. तू बोटीत असलीस की मला दुसरं पोर दिसायचंच नाही. दुसऱ्यांची पोरं माझ्या भरवशावर यायची. म्हणून तुला उतरवलं."

लेकीनं मान वर केली. "हे एकदा सांगायचंस," ती म्हणाली. रागानं नाही. थकल्यासारखं. "मला वाटायचं, तुला मी नको होते."

मावशीनं उठून खुंटीवरचं मोठ्या मापाचं एक जॅकेट काढलं आणि लेकीसमोर धरलं. लेकीनं हात घातले. मावशी बांधायला लागली. मागं रांग तटली होती, पण मी कुणाला बोलू दिलं नाही. माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चांगल्या कामाला आला. पोटाची आणि पायांमधली गाठ कशीतरी बसली; लेकीनं हळूच टोकं ओढून घेतली, ते मावशीच्या लक्षात आलं नाही. छातीच्या गाठीला बोटांनी अगदीच साथ सोडली. फास पडला, पण आवळलाच नाही. मावशीनं दोन हिसके दिले. ते हिसके नव्हते, नुसते हात लावणं होतं. मग ती म्हणाली, "नाव सांग."

लेकीनं नाव सांगितलं.

"मोठ्यांदा."

तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यांदा, आणि शेवटच्या अक्षराला तिचा आवाज फुटला. कचेरीच्या खिडकीतून माणसं बघायला लागली.

ती पायरीवर माझ्याजवळ आली तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला. तिनं उजव्या मुठीत छातीची गाठ घट्ट धरली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हात मागं घेतला. सैल गाठ घेऊन माणूस मी एकतीस वर्षांत जाणूनबुजून बोटीत चढू दिलेला नाही, त्या दिवशी दिला. बाकी दोन गाठी पक्क्या आहेत ना, तेवढं बघून घेतलं.

ती पाऊण तास पुढच्या बाकड्यावर, आपल्या जुन्या जागी, मूठ छातीशी धरून बसली. बेट डाव्या हातानं दाखवलं, पक्षी डाव्या हातानं दाखवले, पोरीचा फोटोही डाव्या हातानं काढला. नात दोराचं टोक धरून बसली होती. मावशीला मात्र नीट बसताच येत नव्हतं. पुन्हा पुन्हा मागं वळून ती लोकांची पोरं बघत होती. मग लेकीनं तिचा अंगठा आपल्या डाव्या मुठीत घेतला, तेव्हा ती पुढं बघायला लागली.

धक्क्याला लागल्यावर मावशी म्हणाली, "थांब, मी सोडते." लेक दोन पावलं मागं झाली. मावशीनं पुढं होऊन तिची मूठ बाजूला केली, तर बंद आपोआप सुटून खाली लोंबला. चुरगळलेला, घामानं ओला. मावशीनं लेकीचा तळवा उलटा करून बघितला. चार नखांच्या खुणा होत्या. तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "ठेव, भोंग्या," म्हणाली. आठ दिवस बाकी होते, पण ती पुन्हा कामावर आली नाही.

पुढच्या फेरीची पोरं रांगेत होती, मला जावं लागलं. पाण्यातून मागं बघितलं तर माय-लेकी दोघी बाकावर बसल्या होत्या. मावशीला त्या बाकावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. शोकसभा संपल्यावर लेक बाहेर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "का अडवलंस? खोटं बोलत होते ते."

"सांगायला त्यांना तेच सोपं पडतं, काका," ती म्हणाली. मग त्या रविवारचं सांगितलं, बाकावरचं. आई कितीतरी वेळ आमच्या बोटीकडे बघत बसली होती. बोट गेली, लहान झाली, बेटामागं गेली, परत आली. जाताना मागं उभ्या तिकिटवाल्याची पाठ दिसत होती. येताना पोरांची डोकी आणि वर छत. मग आई म्हणाली, "इथून माझी पाठच दिसत असणार."

"मी म्हटलं, हो आई. पाठच."

म्हणून सांगतो. मावशीचं मूल पाण्यात गेलं नव्हतं. ते धक्क्यावर त्या बाकावर बसलं होतं, नऊ वर्षं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.